आधी पेपर, मग धाव

पिथौरागढच्या पोस्टिंगमध्ये पहाटे पाचला युनिटखालच्या रस्त्यावर पावलं वाजायची. आसपासच्या गावांतली पोरं भरतीसाठी पळत. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत मारले की ६० गुण. त्यातला एक पाचातच संपवायचा, आणि तोही चढावर!

आमच्या वेळी आधी धाव, लेखी शेवटी. रात्रभर फुटपाथवर झोपून धरलेली रांग जुन्या जवानांना आठवत असेलच. २०२३ पासून क्रम उलटला: आधी कॉम्प्युटरवर ५० प्रश्न, एक तास, चुकलं की अर्धा गुण कापला. मैदानावरची गर्दी कमी झाली, हे मान्य.

पण या पोरानं माउस पहिल्यांदा हातात धरला तो थेट हल्द्वानीच्या परीक्षाकेंद्रात. "साहब, पहले दस मिनट तो तीर ही ढूँढता रहा." यादीत नाव आलं नाही. त्याला पळून दाखव असं कुणी म्हटलंच नाही.

मग दर रविवारी त्याला माझ्या जुन्या लॅपटॉपवर बसवू लागलो. तीन महिन्यांत माझी बदली आली. लॅपटॉप त्याच्याकडेच आहे.