ब्रेकचा ताठा

मोटार विकत घेणारा गृहस्थ ती किती धावते, किती पेट्रोल पिते आणि तिचा रंग कोणता, यांची बारकाईने चौकशी करतो. ती थांबते कशी, हे मात्र सहसा विचारीत नाही. थांबणे हा मोटारीचा उपजत गुणच आहे, अशी आपली समजूत असते. ती किती भोळी आहे, हे ब्रेकचे पेडल एखादे दिवशी दगडासारखे कडक झाले म्हणजे कळते.

आमच्या दहा वर्षांच्या पेट्रोल गाडीने गेल्या पावसाळ्यात हा अनुभव घरी आणून दिला. गाडी बहुधा आमच्या सौभाग्यवतीच चालवितात. एका चौकात त्यांनी ब्रेकवर पाय दिला, तो पेडल नेहमीसारखे खाली जाईना. अंगातले सारे बळ एकवटून दाबले तेव्हा गाडी थांबली, ती पुढच्या रिक्षापासून वीतभर अंतरावर. गॅरेजमधील मिस्त्रींनी बॉनेट उघडण्यापूर्वीच "बूस्टर गेला, बदलावा लागेल," असा निकाल दिला. निकाल खोटाच असेल असे नव्हे. परंतु तो पुराव्यावाचून दिलेला होता, आणि तर्कशास्त्र शिकविण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांस असला निकाल मानवत नाही.

पेडलाचे दोन विकार प्रसिद्ध आहेत. पेडल मऊ होऊन खोल जाऊ लागले, तर ब्रेकच्या तेलात हवा शिरली असावी किंवा तेल गळत असावे. ते कडक झाले, तर बहुधा तेलाचा दोष नसतो. पायाला मिळणारी मदत हरपलेली असते. ही मदत कोणाची? साक्षात वातावरणाची! बूस्टर म्हणजे पत्र्याचा गोल डबा. त्यात आडवा रबरी पडदा. पेट्रोल इंजिन श्वास घेताना डब्यातील हवा एका नळीने ओढून घेते. आपण पेडल दाबले की पडद्याच्या एका बाजूस बाहेरची हवा शिरते आणि दुसऱ्या बाजूच्या पोकळीकडे त्यास रेटते. पडद्याचा व्यास २० सेंटिमीटर धरला, तर क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर होते. दर चौरस सेंटिमीटरवर अर्ध्या किलोचा फरक पडला, तरी दीडशे किलोंहून अधिक भार आपल्या पायाच्या साहाय्यास धावून येतो. ऑटो फॉन गेरिके याने सतराव्या शतकात धातूचे दोन अर्धगोल जोडून, आतील हवा काढून, दोन्हीकडे घोडे जुंपले. तेच हवेचे बळ बेल्जियमच्या देवांद्र या अभियंत्याने ब्रेकच्या सेवेस लावले, आणि १९२७ साली बॉश कंपनीने ती योजना बाजारात आणली. तात्पर्य, ज्यास आपण आपल्या पायाचे बळ समजतो, त्यातील पुष्कळसे उसने असते.

आता उसने देणारा कोठे अडला, हे शोधावयाचे. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद ठेवून आम्ही पेडल पाचसहा वेळा दाबले, म्हणजे डब्यातील शिल्लक पोकळी संपली. मग पाय तसाच दाबून इंजिन सुरू केले. बूस्टर कामावर असेल, तर या क्षणी पेडल किंचित खाली बसते. ते बसले नाही. परंतु एवढ्यावरून बूस्टर दोषी ठरत नाही. त्याच्यापर्यंत पोकळी पोहोचतच नसेल, तर त्या बिचाऱ्याने काय करावे? म्हणून नळी बूस्टरकडून सोडवून, इंजिन चालू असता तिच्या तोंडावर अंगठा ठेवला. अंगठा जोराने ओढला जावयास हवा होता. ओढ अगदी क्षीण लागली. दोष नळीत किंवा तिच्या एकमार्गी झडपेत असला पाहिजे. झडप फुंकून पाहिली. हवा बूस्टरच्या बाजूने इंजिनाकडे जाई, उलट येत नसे, म्हणजे झडप शुद्ध. अखेर इंजिनालगतच्या वळणाखाली, उष्णतेने वाळलेल्या रबरास पडलेली चीर सापडली. गाडी उभी असता इंजिन काही दिवस थरथरत होते, त्याचाही उलगडा झाला. नको ती हवा त्याच चिरेतून आत शिरत होती.

त्याच मिस्त्रींनी चीर पाहून मोकळेपणाने मान डोलाविली व नवी नळी बसविली. ही नळी पोकळी सोसणारीच हवी. साधी रबरी नळी ओढीने चपटी होते. पुन्हा पहिली परीक्षा घेतली. इंजिन सुरू होताच पेडल अलगद खाली बसले. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही जुळले, आणि हजारोंचा बूस्टर काही शेंच्या नळीने वाचला.

पैसे वाचले हे गौण. पेट्रोल वाचविण्यासाठी पसरणीसारखा घाट इंजिन बंद करून उतरणारी मंडळी आम्ही पाहिली आहेत. इंजिन थांबले की डब्यात एकदोन दाबांपुरतीच पोकळी उरते. तिसऱ्या वळणावर पेडल कडक होते व सुकाणूचक्रही जड होते. शिवाय बचत ती कसली? आजच्या इंधन फवारणाऱ्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरील पाय काढला, तर उतारावर इंधन आपोआप तुटते. पेडल कडक झालेच, तर ब्रेक गेला असे समजून पाय काढू नये आणि पुनःपुन्हा दाबून उरलेली पोकळी उधळू नये. सर्व बळाने एकसारखे दाबून धरावे आणि गिअर उतरवावा. तेल व चाकांवरील पकड शाबूत असते. फक्त आता काम आपल्या एकट्याच्या पायाने करावयाचे असते.

आमच्या घरी आता महिन्यातून एकदा, गाडी बाहेर काढण्यापूर्वी ही अर्ध्या मिनिटाची परीक्षा होते. ती सौभाग्यवती घेतात. आम्ही शेजारी उभे राहून निकाल ऐकतो.