दोन चुली

माना पूल्सच्या नाक्यावर आमच्या सामानातली लिंबं काढून घेतली. कॅमेरे, लेन्सच्या पेट्या, माझे माइक, सगळ्यांची कागदपत्रं पाहून झाल्यावर तिथल्या रक्षकाने खाण्याच्या खोक्याकडे बोट दाखवलं आणि विचारलं, संत्री, लिंबं काही आहे का? आमच्याकडे चाळीस लिंबं होती. कार्यक्रमाच्या पहिल्या भागाचं नावच लिंबाच्या माशावर होतं.

माना पूल्स हे झिम्बाब्वेच्या उत्तर टोकाला, झांबेझी नदीच्या काठावरचं राष्ट्रीय उद्यान. साधारण २,२०० चौरस किलोमीटर. 'माना' म्हणजे शोना भाषेत चार. नदीने प्रवाह बदलताना मागे सोडलेल्या चार डोहांवरून हे नाव पडलं. १९८४ पासून हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. कुंपण कुठेही नाही. आफ्रिकेतल्या बहुतेक मोठ्या उद्यानांत गाडीतून पाय खाली ठेवायला बंदी असते, इथे मात्र पायी फिरता येतं. आणि म्हणूनच लिंबं चालत नाहीत. पूर्वी इथल्या हत्तींना पर्यटकांच्या संत्र्यांची चटक लागली, ते वासावरून तंबू आणि गाड्या उचकटू लागले. माणसाला धोका झालेल्या हत्तीचा शेवट बंदुकीच्या गोळीने होतो. त्यापेक्षा संत्र्यांना बंदी बरी.

हे सगळं ठीक, पण आमच्या दिग्दर्शकाचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा झाला होता.

मी या चमूत ध्वनिमुद्रक होतो. इंदूरचा माणूस झिम्बाब्वेत काय करत होता, तर ज्याचं पोट माइकवर आहे तो बोलावणं येईल तिकडे जातो, एवढंच. उघड्यावर स्वयंपाकाचा कार्यक्रम चित्रित करायचा, सहा भाग, अकरा दिवस. सूत्रसंचालक नावाजलेला शेफ. आणि छावणीवर सगळ्यांचं खाणं बघायला एक साठीचे गृहस्थ, ज्यांना लहानथोर सगळे 'सेकुरू' म्हणत. शोनात हा शब्द आजोबांनाही लागतो आणि मामालाही. आपल्याकडे अनोळखी वडीलधाऱ्याला आपण काका-मामा करतो, तसंच.

जंगलात चित्रीकरण म्हणजे वाघ-सिंहांची भीती असं घरच्यांना वाटतं. (वाघ आफ्रिकेत नसतातच, हे मी आईला तीनदा सांगितलं.) खरी डोकेदुखी भलतीच असते. सिनेमा-टीव्हीची माणसं काळे कपडे घालतात, म्हणजे भांड्यांच्या पृष्ठभागावर आपलं प्रतिबिंब दिसत नाही. इथे त्सेत्से माश्या आहेत, आणि त्यांना काळा आणि निळा रंग फार प्रिय. जीनच्या कापडातूनही त्या चावतात. पहिल्याच सकाळी आमचा कॅमेरामन काळा टी-शर्ट घालून आला आणि तासाभरात वाटाड्याचा खाकी सदरा मागून घेऊन घालून बसला.

मग वाफ. टीव्हीवर गरमागरम दिसण्यासाठी वाफ लागते, आणि सप्टेंबरच्या अखेरीस त्या कोरड्या हवेत पारा चाळिशीकडे जात असताना उकळत्या पातेल्यावरची वाफ दिसतच नाही. वर येते आणि विरून जाते. म्हणून खाण्याचे सगळे जवळचे शॉट्स पहाटे, हवा गार असताना आणि सूर्य पातेल्याच्या मागे असताना घ्यायचे. माझं दुखणं होल्याचं. होले दिवसभर एका लयीत घुमतात. दोन शॉट्स जोडले की तो आवाज मध्येच तुटतो आणि कान लगेच ओळखतो. त्यामुळे प्रत्येक जागेवर काम संपलं की सगळ्यांना गप्प बसवून मी पाच मिनिटं नुसतं जंगल मुद्रित करून घ्यायचो. त्यात पाणघोड्यांचं हुंकारणं, वाळकी पानं आणि एकदा दिग्दर्शकाचं घोरणं आलं आहे.

पण मला सांगायचं आहे ते चुलीबद्दल.

कॅमेऱ्याला ज्वाळा हव्या असतात आणि अन्नाला निखारे. उंच ज्वाळेवर मासा बाहेरून करपतो, आत कच्चा राहतो. त्यामुळे आमच्या दोन चुली होत्या. एक कॅमेऱ्यासमोर: तिथे बारीक काटक्यांचा जाळ सतत पेटता, शेफ हसत बोलत पळी फिरवतो आहे. दुसरी वीस पावलांवर, झाडाआड. तीन दगड, ज्यांना सेकुरू 'मापफिह्वा' म्हणत, आणि त्यांत मोपानेची लाकडं. मोपाने हे इथलं जड, चिवट लाकूड. त्याला वाळवी सहसा शिवत नाही आणि त्याचे निखारे तासन् तास धग धरतात. तिथे सेकुरू खरा स्वयंपाक करायचे. प्रत्येक पदार्थ तीनदा: एक कच्चा, एक अर्धा शिजलेला, एक तयार. शेफने पळी फिरवायची, कट, आणि सेकुरूंचं पातेलं त्या जागी ठेवायचं. जवळून पीठ चाळताना, भाजी चिरताना जे हात दिसतात तेही सेकुरूंचेच, कारण शेफच्या हाताला पहिल्याच दिवशी चटका बसला होता.

लिंबाचा प्रश्न त्यांनीच सोडवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून आणलेली कापडी पुरचुंडी उघडली. आत पांढरट, कोरड्या, खडूसारख्या वड्या. मी एक जिभेवर ठेवली आणि एकदम मांडूच्या रस्त्यावर उभा राहिलो. मांडूला गेलेल्या प्रत्येक इंदूरकराने दरवाजाबाहेरच्या टोपल्यांतून ही विकत घेतली आहे: मांडूची इमली, आपली गोरखचिंच. ती झाडं सुलतानांच्या काळात आफ्रिकेतून आली असं तिथले वाटाडे सांगतात. इथे ते झाड बाओबाब, शोनात 'मुउयू'. सेकुरूंनी त्या वड्या पाण्यात भिजवल्या, हाताने कोळल्या, बिया काढल्या आणि तो दाटसर आंबट कोळ माशाला लावला. लिंबाने रस सुटतो, याने लेप बसतो. मासा लिंबापेक्षा चांगला झाला, हे शेफनेही कबूल केलं.

त्यांचं रोजचं जेवण त्याहून ओळखीचं. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, 'साजा' (यातला ज 'जीवन'मधला नव्हे, 'जावई'मधला), आणि दाण्याच्या कुटात शिजवलेली पालेभाजी. पीठ मोडायला 'मुसिका' नावाची लाकडी रवी, तीही दोन तळव्यांत फिरवायची. मी दोन दिवस शेफचा मासा खाल्ला आणि तिसऱ्या दिवसापासून सेकुरूंच्या पंगतीला बसलो.

सातव्या दिवशी हत्ती आला. काठावर बाभळीच्या जातकुळीतली मोठी झाडं आहेत. उन्हाळ्यात त्यांच्या सफरचंदाच्या सालीसारख्या वळलेल्या शेंगा खाली पडतात आणि हत्ती त्या वेचतात. इथले काही नर तर फांद्यांसाठी मागच्या दोन पायांवर उभे राहतात. हा चार पायांवरच होता, पण आमच्या दोन चुलींच्या बरोबर मध्ये. वाटाड्याने हाताने खूण केली, जो जिथे होता तिथे बसला. शेफ गाडीजवळ होता, तो गाडीत गेला. सेकुरू आपल्या चुलीपाशी उकिडवे बसले होते. हत्ती त्यांच्यापासून दहा-बारा पावलांवर शेंगा वेचत राहिला. पाऊण तास. मध्येच सेकुरूंनी लाकडी दांड्याने जळती लाकडं एकेक करून दगडांबाहेर ओढली, आवाज न करता, म्हणजे साजा खाली लागू नये. कॅमेरामन चित्रीकरण करतच होता. धूर, मागे राखाडी डोंगरासारखा तो प्राणी, आणि पुढे पातेल्याकडे लक्ष असलेला एक म्हातारा माणूस. अकरा दिवसांतलं इतकं चांगलं चित्र आमच्याकडे दुसरं नव्हतं.

कार्यक्रमात ते नाही. हत्ती आहे, पण एकटा. त्यानंतर लगेच शेफचा चकित चेहरा, जो दोन दिवसांनी घेतला. निर्मात्यांचं म्हणणं असं की प्रेक्षक शेफसाठी कार्यक्रम बघतात, मध्येच अनोळखी माणूस आला तर गोंधळतात. मी सेकुरूंचं नाव तरी शेवटच्या यादीत घाला म्हणून तीन पत्रं पाठवली. यादीत 'स्थानिक साहाय्य' अशी ओळ आली, तिच्यापुढे छावणीचं नाव. हिशेब चोख होता, पैसे वेळेवर मिळाले, त्याबद्दल सेकुरूंची तक्रार नव्हती. मी फोनवर सांगितलं तेव्हा ते हसले आणि मासा कसा दिसतो एवढंच त्यांनी विचारलं.

आवाज मात्र माझ्या ताब्यात होता. चौथ्या भागाच्या शेवटी शेफ ताट पुढे करतो, तेव्हा लांबून, होल्यांच्या घुमण्याखाली, एक माणूस हाक मारतो: "साजा राइब्वा!" जेवण तयार आहे, या. पडद्यावर त्याचं भाषांतर नाही. जोडणीच्या वेळी कुणीतरी विचारलं हा काय आवाज आहे, काढायचा का? मी म्हटलं, जंगलाचाच आहे, राहू द्या.