अम्मीला काय दिसणार?

फेब्रुवारीत मुंबईचा काळा घोडा महोत्सव पाहायला जायचे ठरले, तेव्हा अम्मीला शिळफाट्याला घरीच ठेवावे, असे मीच सुचवले. काचबिंदूने तिची नजर बरीच गेली आहे. “तिला काय दिसणार?” हे माझे बोलणे तिच्या कानावर गेले असावे. ती काही बोलली नाही; बुरखा घालून दारात येऊन बसली.

खोपोली लोकलने सीएसएमटी गाठले. १९९९ पासून भरणारा हा महोत्सव नऊ दिवस चालतो, प्रवेशाला पैसे पडत नाहीत. भर रस्त्यात मोठमोठ्या कलाकृती मांडलेल्या असतात. मगरिबनंतर दिवे लागले. एके ठिकाणी हात लावला की खांब उजळत होते. माझ्या मुलीने दादीचा हात तिथे टेकवला. पिवळा उजेड अम्मीच्या चेहऱ्यावर पडला.

“दिसला गं!” म्हणत ती एकेका खांबाला हात लावत राहिली. आम्ही फोटोच काढत होतो.

परतताना गाडीत ती नातीला सांगू लागली, “१९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली ती आपल्या खोपोलीच्या पॉवर हाऊसमधून. लोणावळ्याकडचे पाणी पाइपांतून घाट उतरते ना, त्यावर.” ते पाइप मी रोज पाहतो, त्यांची गोष्ट तिला कधी विचारली नव्हती.

घरी आल्यावर मी तिची माफी मागितली. ती एवढेच म्हणाली, “पुढच्या वर्षी नेशील ना?”