दोन नववधू आणि एक पळपुटी

आमच्या धाकट्या नातीचे लग्न होऊन पुरता महिनाही झाला नव्हता, तोच ती नवऱ्याबरोबर परदेशी निघाली. आठ दिवस घरात नुसती धांदल. मेतकुटाचे पुडे बांधले जात होते, गोडा मसाला पिशवीत पिशवी घालून कोंबला जात होता, आणि जावईबापू हातात वजनकाटा घेऊन प्रत्येक डब्याकडे संशयाने बघत होते. त्या गडबडीत पोरीने मला हळूच विचारले, "आजी, नव्या गावी तुला करमलं होतं का गं, अगदी पहिल्यांदा?"

"हो तर!" मी ठसक्यात सांगून टाकले.

वाचकहो, ही चक्क थाप होती. पन्नास वर्षे घरादारात मी ती खपवीत आले आहे. आता ह्यांनाही जाऊन सहा वर्षे झाली. खरे काय ते सांगून टाकायला हरकत नाही.

माझे माहेर गिरगावातल्या चाळीतले, आणि शाळा गावदेवीची सेंट कोलंबा. मला तिथे घालायचे ठरले तेव्हा आजोबांनी दोन दिवस अबोला धरला होता. "मिशनची शाळा! पोरगी बाटेल!" हे त्यांचे म्हणणे. मी काही बाटले नाही. पण शाळेत एका बाईचे नाव कानावर पडले, ते मात्र जन्मभर पुरले. ते नाव मार्गारेट विल्सन.

विल्सन कॉलेज ठाऊक नाही असा मुंबईकर विरळा. ज्या जॉन विल्सनच्या नावाने ते चौपाटीवर उभे आहे, त्याची ही पत्नी. १८२८ च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमध्ये दोघांचे लग्न झाले. तो अवघा तेवीस वर्षांचा. ती त्याच्याहून वयाने बरीच मोठी. लग्नाची नवलाई ओसरण्यापूर्वीच दोघे जहाजावर चढली आणि आफ्रिकेला वळसा घालून १८२९ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरली. आणि उतरून पहिले काम काय केले, तर कोकणात हर्णै-बाणकोटाकडे जाऊन मराठी शिकायला बसली! त्याच वर्षी मुंबईला परतल्यावर मार्गारेटने मुलींच्या शाळा काढायला सुरुवात केली. सावित्रीबाईंची पुण्यातली शाळा १८४८ सालची. म्हणजे त्याआधी दोन दशके. मुलगी शिकली तर विधवा होते, असे मानणाऱ्या गल्ल्यांतून ही परकी बाई मराठीत बोलत हिंडली असेल. माझ्या शाळेचे मूळ तिच्या १८३२ सालच्या शाळेत आहे.

ही मंडळी धर्मप्रसारासाठी आली होती, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १८३९ साली विल्सनसाहेबांनी दोन पारशी तरुणांना बाप्तिस्मा दिला, तेव्हा सगळी मुंबई खवळली होती. आमच्या आजोबांचा अबोला त्याच जातकुळीचा. पण ते वादळ बघायला मार्गारेट नव्हती. १८३५ च्या एप्रिलमध्ये, चाळिशीही न गाठता, ती मुंबईतच वारली. सहा वर्षांचा काय तो तिचा इथला संसार! तिच्यामागे तिच्या बहिणी येऊन शाळेचे काम बघू लागल्या.

शाळेत असताना मला वाटे, प्रसंग आला तर मीही अशीच निघेन. कुठे, ते काही ठरलेले नव्हते; पण निघेन खास!

प्रसंग आला १९७४ च्या ज्येष्ठात. वैशाखात लग्न झाले आणि ह्यांची बदली आलापल्लीला झाली. गडचिरोली जिल्हा तेव्हा जन्मालाच आला नव्हता. तो झाला १९८२ साली. तेव्हा सगळा मुलूख चंद्रपूरचा, आणि आमच्या चाळीतली वडील मंडळी चंद्रपूरलाही चांदाच म्हणत. चांद्याला बदली म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा, अशी सरकारी नोकरांची पक्की समजूत. वर्ध्याला गाडी बदलून बल्लारशा, तिथून एस. टी.ने वैनगंगेच्या पलीकडे. सागवानाचे जंगल सुरू झाले ते संपेचना. झाडे इतकी उंच, की वर बघताना डोक्यावरचा पदर पडावा.

ह्यांचे क्वार्टर म्हणजे कौलारू दोन खोल्या. वीज असून नसल्यासारखी. पावसाने एकदा तोंड लावले की दहा-दहा दिवस थांबायचे नाव नाही. नाल्याला पूर आला की रस्ता बंद. रस्ता बंद की टपाल बंद. एकदा पिठाच्या डब्यामागे विंचू निघाला. पण विंचवापेक्षा मला जास्त छळले ते भाषेने. बाजारात कुणी तेलुगू बोले, कुणी गोंडी, आणि आतल्या गावांतून आलेली माणसे माडिया. आमच्या चौकीदाराची बायको माडिया होती. रोज सकाळी ती पाण्याची घागर ठेवी, दारात उभी राहून हसून काहीतरी विचारी, आणि मी कळल्यासारखी मान डोलावून दार लावून घेई. मार्गारेट विल्सनच्या शाळेतली मी मुलगी, पण त्या बाईचा एक शब्दही मी शिकून घेतला नाही.

चाळीस दिवस काढले. श्रावण लागला आणि पहिल्या मंगळागौरीचे निमित्त सापडले. "आठ दिवसांत येते," असे ह्यांना सांगून मी निघाले. गिरगावात पोचले, ट्रामचा खडखडाट संपून दहा वर्षे झालेल्या त्या रस्त्यावरची गर्दी बघितली, आणि मनाशी ठरवले की आता परत जायचे नाही. मग आधी आईची प्रकृती, मग गौरी-गणपती, मग पितृपंधरवडा! कारणांना काय तोटा? ह्यांची पत्रे येत. 'पाऊस बरा आहे. मी मजेत आहे. सवडीने ये.' बस्स, एवढेच.

आता दुसऱ्या नववधूची गोष्ट. आम्ही राहत होतो तिथून साठेक किलोमीटर आत, भामरागडजवळ, हेमलकसा नावाचे ठिकाण आहे. तिथे त्या वेळी एक डॉक्टर जोडपे येऊन राहिले होते, एवढे माझ्याही कानावर आले होते. ते जोडपे म्हणजे बाबा आमटे यांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आणि त्यांची पत्नी डॉ. मंदाकिनी. दोघांचे लग्न डिसेंबर १९७२ मधले, आणि डिसेंबर १९७३ मध्ये तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. प्रकाशरावांनी शस्त्रक्रियेचे पुढचे शिक्षण अर्ध्यावर टाकले. मंदाताई भूलशास्त्र शिकलेल्या. राहायला झोपडी, उजेडाला कंदील, आणि पावसाळ्यात महिनेन् महिने जगाशी संबंध तुटलेला.

एवढे करून दवाखाना मांडला, तर रोगी येईनात! माडिया माणूस परक्या कपड्यांतला माणूस दिसला की जंगलात पळे. आजार म्हणजे देवाचा नाहीतर भुताचा कोप, आणि त्याला औषध पुजाऱ्याकडे. मग ही दोघे पायी गावोगाव हिंडली, माडिया शिकली. समोरच्या माणसांच्या अंगावर धड वस्त्र नाही हे बघून प्रकाशरावांनी पँट-शर्ट सोडला, आणि बनियन व अर्धी चड्डी हाच कायमचा पोशाख केला. पुजाऱ्याने हात टेकलेली माणसे आधी आली. ती बरी झाली, तशी बाकीची आली. मलेरिया डोक्यात गेलेले, अस्वलाने फाडलेले, बाळंतपणात अडलेले. विजेवाचून ऑपरेशने झाली. १९७६ साली आश्रमशाळा निघाली, आणि आमट्यांची स्वतःची मुले त्याच शाळेत माडिया मुलांशेजारी बसून शिकली. २००८ साली मॅगसेसे पुरस्कार जाहीर झाला तो प्रकाशराव आणि मंदाताई अशा दोघांच्या नावाने. पेपरात ते वाचून मला बरे वाटले. एरवी असल्या संसारात बाईचे नाव आभारापुरतेच येते.

मंदाताईंना हा वसा सासूकडूनच मिळाला म्हणायचा. साधनाताई नागपूरच्या घुलेशास्त्र्यांच्या सोवळ्या घरातल्या. १९४६ साली बाबांशी लग्न केले आणि पुढे वरोऱ्याला आनंदवनात कुष्ठरोग्यांबरोबर संसार मांडला. 'समिधा' हे त्यांचे आत्मकथन मी तीनदा वाचले आहे.

आणि मी? मंदाताई झोपडीत कंदिलाच्या काचा पुसत असतील, तेव्हा मी गिरगावात माहेरी बसून दिवाळीच्या चकल्या तळत होते.

पहिल्या दिवाळसणाला हे आले. दारात उभे राहिले तेव्हा आईने मला बाजूला ओढून विचारले, "अगं, हे असे का दिसतात?" गालफडे बसलेली, डोळे पिवळट. भाद्रपदात मलेरियाने एकवीस दिवस अंथरुणावर होते, हे त्यांच्या तोंडून मी मोठ्या कष्टाने काढून घेतले. "मग बघितलं कोणी?" "चौकीदाराच्या बायकोनं. पेज आणून द्यायची. रात्री दोघं आळीपाळीनं बसायची." एवढे बोलून हे पेपर वाचू लागले.

पाडव्याच्या दिवशी ओवाळणीत मला ह्यांनी रेशमी साडी घातली. दुपारी ह्यांचे कपडे धुवायला काढताना कोटाच्या खिशातून एक लहानशी वही पडली. वहीत दोन रकाने. डावीकडे माडिया शब्द, उजवीकडे मराठी. पाणी. तांदूळ. ताप. कुठे दुखते? बस. जेवलास का? तापात थरथरत्या हाताने लिहिलेली अक्षरेही त्यात ओळखू येत होती. शेवटच्या पानावर एक सबंध वाक्य, दोन वेळा गिरवलेले. त्याच्यासमोर मराठी लिहिले होते: 'माझी बायको माहेरी गेली आहे. लवकरच येणार आहे.'

ती बाई दारात उभी राहून रोज काय विचारत असेल, ते मला त्या दिवशी कळले.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्याच दिवशी मी ट्रंक भरली. आईने विचारले, "राहायची होतीस ना गं संक्रांतीपर्यंत?" मी म्हटले, "नको. तिकडे लोक वाट बघत असतील." वही मी माझ्या पिशवीत ठेवली होती. बल्लारशापर्यंत गाडीत बसून त्यातले शब्द पाठ केले. हे समोरच्या बाकावर झोपेचे सोंग घेऊन पडले होते. चौकीदाराच्या बायकोला मी पहिल्यांदा "जोहार" घातला आणि वहीतले वाक्य म्हटले, "जेवलीस का?" ती इतकी हसली की घागर हिंदकळली. माझे उच्चार सुधारायला तिला पुढची चार वर्षे लागली. आमची थोरली तिथलीच, आणि तिचे पहिले शब्द निम्मे मराठी, निम्मे माडिया होते.

आम्ही काही सेवा केली नाही. ह्यांनी पूल बांधले, ते पगारासाठी. मार्गारेट विल्सनच्या किंवा मंदाताईंच्या शेजारी माझे नाव लिहिणे हाही एक प्रकारचा आगाऊपणाच. पण धर्म सांगायला आलेली ती, औषध द्यायला आलेल्या ह्या, आणि निव्वळ नवऱ्यामागे गेलेली मी, तिघींपुढे पहिली पायरी एकच होती. दुसऱ्याच्या दारात जाऊन त्याच्या बोलीत चार चुकीचे शब्द बोलायचे, आणि त्याला हसू द्यायचे. त्या दोघी ती पायरी पहिल्या वर्षीच चढल्या. मी तिच्यावरून घसरले आणि दुसऱ्या खेपेला चढले.

ह्यांची मी कधी क्षमा मागितली नाही. वही माझ्याकडे आहे, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनीही ती परत मागितली नाही.

नातीच्या जाण्याच्या आदल्या रात्री मी तिला हे सगळे सांगितले. वहीही दाखवली. पाने पिवळी पडली आहेत, शाई फिकटली आहे, पण शेवटचे पान वाचता येते. पोर बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसली. मग डोळे पुसून म्हणाली, "म्हणजे आजी, तू चक्क पळून आली होतीस!"

"आले होते," मी म्हटले. "पण परत गेले, तेवढे विसरू नकोस."