रॉकेलचा एक गुण

शाळेत होतो तेव्हा दरवर्षी प्रश्नमंजूषा घ्यायचं काम माझ्याकडे असायचं. प्रश्न जमवून कार्डांवर लिहून ठेवायची मला हौसच होती. एका वर्षी शेवटच्या फेरीत विचारलं, "देवमाशांना जीवदान कशामुळे मिळालं?" नववीतली एक मुलगी पटकन म्हणाली, "शिकारीवर बंदी आली म्हणून." मी कार्ड पाहिलं. त्यावर लिहिलं होतं, रॉकेल. मी उत्तर चूक ठरवलं आणि तिचा गट एका गुणानं हरला.

ते उत्तर माझ्या फार आवडीचं होतं. आमच्या घरी वीज आली ती मी सहावीत असताना. तोवर रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभं राहणं माझं काम आणि कंदिलाची काच राखेनं घासणं अम्मीचं. हाताचा वास दोन-दोन दिवस जायचा नाही. त्या तेलानं एवढा प्रचंड जीव वाचवला, हे वाचून मला उगाच अभिमान वाटला होता.

गोष्ट अर्धी खरीही आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत देवमाशाच्या तेलावर दिवे जळत. नॅन्टकेट, न्यू बेडफर्ड ही बंदरं त्या धंद्यावर गब्बर झाली. मग १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात एडविन ड्रेकच्या विहिरीला तेल लागलं आणि रॉकेल स्वस्त होत गेलं. १८६१ मध्ये तिथल्या 'व्हॅनिटी फेअर' साप्ताहिकात एक व्यंगचित्र आलं. तेलविहिरी सापडल्याच्या आनंदात देवमासे नटूनथटून मेजवानी झोडताहेत!

मेजवानीची जरा घाईच झाली. निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा मी पुढचं वाचलं. निळा देवमासा शिडाच्या जहाजांच्या हाती लागत नसे. तो वेगानं पळे आणि मेला तर बुडे. नॉर्वेच्या स्वेन फॉयननं वाफेचं जहाज आणि स्फोटक भाला एकत्र आणला, १८७० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. दिव्यांची गरज सरली होती, पण देवमाशाच्या तेलाचा साबण होऊ लागला, मार्गारिन होऊ लागलं, पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी ग्लिसरिन निघू लागलं. आणि ही नवी जहाजं चालत कशावर? आधी कोळशावर, मग खनिज तेलावर. म्हणजे ज्याला मी तारणहार म्हणत होतो, त्याचाच भाऊबंद शिकाऱ्याच्या इंजिनात जळत होता.

१९३०-३१ च्या एकाच हंगामात अंटार्क्टिकाच्या समुद्रात २९ हजारांहून जास्त निळे देवमासे मारले गेले. विसाव्या शतकात सगळ्या जातींचे मिळून सुमारे २९ लाख. हे सगळं रॉकेल आल्यानंतर. अखेर १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगानं मतदान करून व्यापारी शिकार थांबवायचं ठरवलं. अंमल सुरू झाला १९८६ पासून. सगळ्यांनी ते मानलं नाही. नॉर्वे आजही शिकार करतो, जपान २०१९ मध्ये आयोगातून बाहेर पडला. तरीही जे देवमासे वाचले, त्यात त्या मतदानाचा वाटा मोठा आहे. नवी वस्तू बाजारात आली म्हणून जुना जुलूम आपोआप संपत नाही. कुणीतरी 'आता पुरे' म्हणावं लागतं.

गेल्या ईदला ती मुलगी, आता दोन लेकरांची आई, शिरखुर्म्याला घरी आली. मी तिला सगळं सांगितलं, माफी मागितली. ती हसली. "सर, मी तर अंदाजानं ठोकून दिलं होतं. प्रश्न काय होता तेही आठवत नाही." वाटीत चमचा फिरवत राहिली, मग म्हणाली, "पण एका गुणानं हरलो होतो, ते आठवतं."

कार्डांचा डबा अजून कपाटात आहे. त्या रात्री ते कार्ड शोधलं आणि उत्तर खोडून तिचं उत्तर लिहिलं.