ओळखलंस का, असं विचारू नका

अल्झायमरच्या स्मृतिभ्रंशात आठवणी बहुधा शेवटून पुसल्या जातात. आधी काल-परवाचा दिवस जातो, मग नातवंडं, नोकरी, लग्न. बालपण सगळ्यांत शेवटी. नव्या आठवणी मेंदूतल्या ज्या हिप्पोकॅम्पसमध्ये मुरतात, त्यालाच अल्झायमर आधी गाठतो. माझ्या आईचंही तसंच झालंय. तिचा पलंग पुण्यात माझ्या घरात आहे, पण ती राहते कोकणातल्या माहेरी. दिवेलागणीला तिची घालमेल सुरू होते. पदर खोचून ती दाराशी जाते. "निघते बाई, दादा ओरडतील." दादा म्हणजे तिचे वडील.

"चहा तरी घेऊन जा," मी म्हणते.

"तुम्ही एवढं म्हणताय तर घेते."

'वयच झालंय, चालायचंच' हे ऐकलं की माझा संताप होतो. आलोइस अल्झायमर यांनी 1901 साली फ्रँकफुर्टला ज्या ऑगस्टे डेटरना तपासलं, त्या अवघ्या 51 वर्षांच्या होत्या. 1906 साली त्या गेल्यावर त्यांच्या मेंदूत अल्झायमर यांना गाठी आणि साचलेले थर दिसले. हा आजार आहे.

आणि तो सगळं नेत नाही. सुपात तांदूळ दिले की आई अजून खडा न् खडा वेचते. हरिपाठ सुरू केला की पुढची ओळ तिचीच असते. हातांची सवय, गळ्यातली चाल यांची मुळं मेंदूत वेगळीकडे असतात.

मागे एक नातेवाईक आले होते. आईनं दादांचं विचारलं. ते सरळपणे म्हणाले, "अहो, ते जाऊन किती वर्षं झाली!" आई आत्ताच बातमी कळल्यासारखी रडली. तासाभरात बातमी विसरली. रडवेला चेहरा मात्र रात्रीपर्यंत तसाच. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 साली अल्झायमरच्या रुग्णांना दुःखद आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या होत्या. पाहिलेलं बहुतेकांना थोड्या वेळात आठवेना, पण भावना टिकून राहिली. ज्यांना चित्रफीत कमी आठवत होती, त्यांचं दुःख तर जास्त वेळ टिकलं. तेव्हापासून आईला खरं-खोटं पटवण्यात मला रस उरलेला नाही. दादा शेतावर गेलेत, येतील.

पण हे दिवसभर, रोज, हसऱ्या चेहऱ्यानं करायला अंगात बळ लागतं. रात्री दोनला ती अंघोळीला उठते. तेच तेच विचारते. माझी आई समोर बसलेली असताना मला तिची आठवण येते, आणि हे कुणाला सांगायचं? भारतात साठीच्या पुढच्या सुमारे 88 लाख माणसांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. त्यांतल्या किती घरांत एखादी मुलगी, सून, बायको अशीच जागी असेल. फोनवर सल्ले भरपूर मिळतात. अर्धा तास भेटून गेलेले म्हणतात, "आम्हाला तर छान वाटल्या!"

तर या, जरूर या. 'ओळखलंस का?' असं विचारू नका. नाव सांगा, शेजारी बसा, हरिपाठाची एक ओळ म्हणा. आणि जमलं तर एक रात्र मुक्कामाला राहा. मला झोपायचंय.