शक्कर तलावाची वाट

आमच्या शेजारची मंडळी मे महिन्यात काश्मीर आणि लडाख करून आली, आणि पुढचे पंधरा दिवस आमच्या गल्लीत बर्फाखेरीज दुसरा विषय निघाला नाही. बाहेर अकोल्याचं ऊन मी म्हणत होतं. पारा ४५ अंशांच्या पलीकडे, कूलरमध्ये ओतलेलं पाणी पाहता पाहता उडून जात होतं, आणि आम्ही त्यांच्या दिवाणखान्यात पन्हं पीत सोनमर्गजवळच्या थाजिवास हिमनदीचे फोटो बघत होतो. हा बर्फ, हा घोडा, हा बर्फात घोडा, आणि हे घोड्यावर आमचे हे. शेवटी पँगाँगचं तळं आलं. खरं सांगायचं तर ते पाहून आम्ही सगळेच गप्प झालो. इतकं निळं पाणी आम्ही जन्मात पाहिलं नव्हतं.

माझी आत्या त्या दिवसांत डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे मुक्कामाला होती. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. तिनं फोटो डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, "एवढं मोठं तळं, पानी गोड असन ना वो?"

"नाही आजी, त्याचं पाणी खारट आहे," शेजारीणबाई म्हणाल्या.

आत्यानं फोटो परत केला. "मंग तं आमच्यासारखंच झालं. खारं पानी पाहाले इतक्या लंब कायले जा लागते?" आणि मग माझ्याकडे वळून, "बाबू, मले एक डाव नरनाळ्याचा शक्कर तलाव दाखव."

शेजारीणबाई हसल्या, मुलंही हसली. मला मात्र हसू आलं नाही, कारण आत्याच्या या मागणीमागचा इतिहास मला ठाऊक होता.

अकोल्याहून अकोटला जाताना गांधीग्रामला पूर्णा ओलांडावी लागते. आत्याचं सासर त्याच बाजूच्या एका खेड्यात. दूरदूरपर्यंत काळी सपाट जमीन, कपाशी आणि तूर जोमदार. पण विहीर खणली की खारं पाणी. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतली सुमारे ९०० गावं या खारपाणपट्ट्यात येतात. इथं पूर्वी समुद्र होता म्हणून पाणी खारट, असं आमचे मास्तर शाळेत सांगत. भूगर्भशास्त्रज्ञ वेगळं सांगतात. सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन खचली, त्या खोलगटात नदीनं लक्षावधी वर्षं गाळ आणून भरला. चिकण थरांतून निचरा जवळजवळ नाही, ऊन प्रखर; त्यामुळे क्षार जिथल्या तिथे अडकून राहिले.

पण हे शास्त्र आत्याच्या चुलीला काय कामाचं? विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस येत नसे आणि तुरीची डाळ शिजत नसे. वऱ्हाडात डाळ न शिजणं म्हणजे स्वयंपाकच न होणं! मग बाया पहाटे उठून पूर्णेच्या पात्रात जात, वाळूत झिरे खणत, वाटीवाटीनं पाणी उपसून घागर भरत. आत्या नवी नवरी म्हणून गेली तेव्हा तिनं रडून घर डोक्यावर घेतलं होतं. यजमानांनी समजूत घातली, की नरनाळ्याच्या गडावर साखरेसारख्या पाण्याचं तळं आहे, त्याचं नावच शक्कर तलाव. सुगी झाली की तुला दाखवून आणतो. साठ सुग्या झाल्या, पण जाणं झालं नाही. ते मूत्रपिंडाच्या दुखण्यानं गेले. डॉक्टरांनी दोष सरळ पाण्याला दिला नाही, आत्यानं मात्र दिला.

तेव्हा गणपती बोळवल्यावर एका शनिवारी सकाळी आमची गाडी निघाली. मी, सौ., दोन मुलं आणि पुढच्या सीटवर आत्या. अमरावतीहून दादा आणि वहिनी परतवाड्याला येऊन मिळायचे होते. सोबत दशम्या, ठेचा, कच्चा चिवडा, आणि आत्याच्या आग्रहावरून दोन रिकाम्या बाटल्या.

गांधीग्रामच्या पुलावरून पूर्णा गढूळ आणि दुथडी दिसली. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याची तरुण मंडळी इथलंच पाणी कावडींतून अनवाणी नेतात आणि अकोल्याच्या राजराजेश्वराला घालतात. रात्रभर ढोल आणि जयघोष. आत्याच्या मते देवालाही अकोल्यात गोड पाणी मिळत नव्हतं, म्हणून त्याला ते मागवावं लागलं. शास्त्राधार विचारू नये.

अकोट मागे पडलं की आजवर नुसती निळी रेघ असलेला सातपुडा एकाएकी अंगावर येतो. शहानूर गावाशी वनखात्याच्या नाक्यावर नावं लिहून दिली आणि गाडी घाटाला लागली. नरनाळ्याचा टापू आता मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पात मोडतो. देशात पहिले जे नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यांतला मेळघाट एक, १९७४ सालचा. वाघ दिसला नाही. दिसतो असं आम्ही कुणाला वचनही दिलं नव्हतं. पण सागाची पानं फुलोऱ्यासह पावसात न्हालेली, वळणावळणावर ओहोळ, आणि गाडीच्या काचा खाली करताच आत येणारा तो ओल्या मातीचा गारवा. मुलांनी एसी बंद करायला सांगितला! आमच्या घरात ही ऐतिहासिक घटना होय.

गडावर पोचलो आणि शक्कर तलाव समोर आला.

पँगाँगशी त्याची तुलना करायची नाही. निळा तर तो नव्हताच. हिरवट, शांत, काठाशी गवत, पलीकडे झाडी, त्यावर उतरलेलं पांढरं धुकं. या पाण्यात औषधी गुण आहेत असं लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. (औषधाचं काम औषधावरच सोपवावं, हे आपलं माझं मत.) आत्या काठावर बसली, ओंजळ भरून घेतली आणि नुसती बघत राहिली. साचलेलं पाणी पिऊ नको, असं सौ.नं म्हणेपर्यंत तिनं जिभेला लावलंही होतं.

"साखर नाही लागत," ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "पन मीठ बी नाही."

तिला तिथंच सौ.पाशी बसवून मी मुलांना गड दाखवायला नेलं. बहमनी सुलतान अहमदशहानं १४२५च्या सुमारास हा किल्ला दुरुस्त केला आणि त्याच वेळी पलीकडे गाविलगड बांधला. किल्ल्याचं वैभव म्हणजे महाकाली दरवाजा, १४८७चा. फिकट दगडावरची कमळं आणि अक्षरांची वेलबुट्टी पाहून मुलगी म्हणाली, हे तर रांगोळीसारखं आहे. नऊगजी तोफेवर मुलगा चढला आणि मी त्याला उतरवला. पण मला खरं खिळवून ठेवलं ते तेला-तुपाच्या टाक्यांनी. वर दगडी छत, आत खोल काळोखे हौद. तेलातुपाची नावं लोकांनी दिली असतील, मला तरी त्या पाण्याच्याच वाटल्या. उन्हानं पाणी उडू नये म्हणून त्याच्यावर छप्पर घालणारा माणूस वऱ्हाडचं ऊन पुरतं ओळखून होता. सगळ्या गडभर तळी आणि टाकी आहेत. चार महिने पडलेला पाऊस आठ महिने पुरवायचा, हा तो हिशेब.

हिमालयात तेच काम बर्फ करतो. हिवाळ्यात साठवतो आणि ऐन उन्हाळ्यात नद्यांना थोडंथोडं देतो. आमच्या सातपुड्यावर बर्फ कसला पडतोय! इथं पाणी धरून ठेवायला दोनच गोष्टी. वर जंगल, आणि पायथ्याशी दगडगोट्यांचा तो लांबलचक पट्टा, ज्यात ओढे उतरताना मुरतात. आत्याच्या गावात आता नळ आहे, वारीच्या वान धरणातून पाणी येतं. आठवड्यातून एखाद्या वेळी का होईना, पण गोड येतं. मी तिला हे सांगितलं तेव्हा तिचं उत्तर होतं, "नळ तं आला बाबू, पन पानी कुठून येते हे कोनं दाखोलं?"

परत निघताना तटावरून दक्षिणेकडे पाहिलं. खाली सगळं वऱ्हाड हिरव्या सतरंजीसारखं पसरलेलं. आत्यानं आपलं गाव खूप शोधलं. दिसलं नाही, ढगांची सावली पडली होती.

अकोटहून अंजनगाव-सुर्जीकडे निघालो. तिथले पानमळे पाहायचे राहूनच गेले. १८०३च्या ३० डिसेंबरला शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला तो या गावी. पुढे पथ्रोट-परतवाड्याच्या अंगाला संत्र्याच्या बागा. या बागा मी सांगितलेल्या त्या दगडगोट्यांच्या पट्ट्यावरच उभ्या आहेत. चहाच्या टपरीवर भेटलेला एक बागवाला म्हणाला, बापाच्या वेळी विहिरीला पाणी होतं, आता बोअर शेकडो फूट खाली न्यावी लागते. संत्री गोड होती. आम्ही घेतली आणि खाल्ली. पण त्याचं बोलणं बराच वेळ गाडीत बरोबर आलं.

परतवाड्याला दादा-वहिनी भेटले. अमरावतीकर मंडळी, त्यांना वडाळी आणि छत्री तलावापुढे जगातलं कुठलंच पाणी दिसत नाही. धामणगाव गढीवरून चिखलदऱ्याचा घाट चढलो तेव्हा संध्याकाळ होती आणि दहा हातांपलीकडचं दिसत नव्हतं. धुक्यात समोरून एसटीचे दोन पिवळे दिवे येत आणि सगळी गाडी "डावीकडे, डावीकडे" म्हणून ओरडे. आत्या तेवढी झोपली होती.

चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर. भीमानं कीचकाला मारून इथल्या दरीत टाकलं म्हणून तो कीचकदरा, अशी कथा. कॉफी पिकते, रस्त्याच्या कडेला गवळ्यांची रबडी मिळते, आणि शक्कर तलाव इथंही एक आहे, त्यात नावा चालतात. हे सगळं आपण वाचलेलं असतंच. मी सांगतो ते वेगळं. सकाळी उठलो तर मुक्कामाच्या जागी नळाला पाणी नाही! बाहेर पाऊस झिमझिमतोय, गावात तळी तुडुंब, आणि आम्ही सात माणसं दोन बादल्यांसमोर. मोटर बिघडली म्हणे. दादा संतापला. तिथल्या कोरकू मुलानं लांबून कुठून तरी आणखी दोन बादल्या आणल्या आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, आता तर पाणी आहे. एप्रिलमध्ये या."

त्याचं खरं होतं. मेळघाटात पावसाळ्यात आभाळ फाटतं आणि उन्हाळ्यात वस्त्यांवर टँकर फिरतात. याच तालुक्यातल्या खडीमलला टँकर विहिरीत रिकामा करतात आणि बाया चहूकडून दोर सोडून ते गढूळ पाणी ओढतात, ही चित्रं अलीकडच्या वर्षांत आपण वर्तमानपत्रांत पाहिली आहेत. काळा कातळ, तीव्र उतार; पडलेलं पाणी थांबतच नाही. ज्यांच्या डोक्यावरून ते वाहून जातं त्यांनाच ते मिळत नाही. आत्यानं हे ऐकलं आणि तोंड धुवायला घेतलेलं अर्धं पाणी परत बादलीत ओतलं.

गाविलगड पाहिला. देव तलाव, खान तलाव भरलेले. १५ डिसेंबर १८०३ रोजी हा भोसल्यांचा गड आर्थर वेलस्लीनं घेतला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. डोंगरातून रस्ता काढत त्यानं तोफा उत्तरेच्या बाजूला ओढून आणल्या आणि तट फोडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. गड पाण्यावाचून पडला नाही, एवढं आत्यानं विचारून घेतलं.

शेवटी देवी पॉइंट. पायऱ्या उतरून खाली गेलं की कातळाच्या पोटात देवीचं ठाणं, वरून अखंड ठिबकणारं पाणी, आणि बाजूनं खळखळत दरीत झेपावणारा ओढा. हीच चंद्रभागा. मी आत्याला समजावून दिलं. या कण्याच्या उत्तरेला पडलेला पाऊस सिपनेतून तापीला जातो. दक्षिणेला पडलेला या चंद्रभागेतून दर्यापूरवरून पूर्णेला मिळतो आणि तुझ्या गावाच्या अंगानं पुढे जातो. शेवटी चांगदेवला पूर्णाही तापीलाच मिळते.

"म्हंजे माह्या झिऱ्यात यायचं ते हे पानी?"

"त्यातलं थोडं, हो."

ती काही बोलली नाही. ठिबकत्या कातळाखाली बाटली धरून बसली. धार बारीक होती, दोन बाटल्या भरायला पाऊण तास लागला. मुलं कंटाळली, वहिनींचं मक्याचं कणीस खाऊन झालं, दादानं दोनदा घड्याळ पाहिलं. पण उठ म्हणायचा धीर कुणालाच झाला नाही.

परतीला गांधीग्रामच्या पुलाअलीकडे तिनं गाडी थांबवायला सांगितली. दिवस मावळत होता. माझ्या मनात आलं, आता ही बाटली नदीत रिती करणार. मुलानं तर मोबाइल बाहेरसुद्धा काढला. आत्यानं काच खाली केली, पूर्णेकडे पाहिलं, पदरानं डोळे पुसले आणि बाटल्या मांडीवर घट्ट धरल्या.

"ओतायचं का?" मी विचारलं.

"कायले? ते येतच हाय मागून," आत्या म्हणाली. "हे मी वरनाले ठेवतो. चाल आता, डाळ भिजू घाला लागते."